जिना गल्लीच्या अंगाला

देवयानी: सही करा, बाबा. चार वाजता ट्रस्टची कमिटी बसतेय. तुम्ही म्हणालात म्हणून मी जिना हलवला, एवढंच लिहिलंय ह्यात.

श्रीराम: म्हणालो हे मला आठवायला तर हवं ना, देवू. आठवत नाही त्याच्यावर सही कशी करू?

अनिमेष: कागद कसला आहे हा?

देवयानी: चेंज ऑर्डर, दादा. नकाशातलं काही बदलायचं तर आधी हा कागद, मग हातोडा. वर मालकाच्या माणसाची सही. पाठशाळेच्या वसतिगृहाचा मालक ट्रस्ट. आणि ट्रस्टतर्फे बांधकाम बघणारे कोण? आपलेच वडील. वेदमूर्ती श्रीरामशास्त्री.

अनिमेष: मग तेव्हाच का नाही घेतलीस सही? आमच्या बँकेत पेनसुद्धा दोरीला बांधलेलं असतं, आणि तू अख्खा जिना तोंडी हलवलास?

देवयानी: काढला होता कागद. हाच. भरलेला. बाबा साइटवर आले, सहा मिस्त्री उभे होते. म्हणाले, "ज्या खोलीत संहिता म्हणायची तिच्या डोक्यावरून पायताणं जाणार? जिना गल्लीच्या अंगाला घे." मी कागद पुढे केला तर म्हणाले, "पोटच्या पोरीला माझी सही लागते?" सहाच्या सहा मिस्त्री हसले. मी कागद पिशवीत कोंबला.

श्रीराम: असं मी बोललो?

देवयानी: बोललात! आणि आपल्या घरात बोललेलं लिहून मागायचं म्हणजे समोरच्याला तोंडावर लबाड म्हणायचं. सात पिढ्या हेच चाललंय. मुखातलं तेवढं पवित्र, कागदावर आलं की विटाळलं. तुमच्या त्या सोवळ्यापायी मी आज रस्त्यावर येतेय.

श्रीराम: सोवळ्याला नावं ठेवू नकोस. पाचव्या अष्टकाचा तिसरा अध्याय, मधली कुठलीही ऋचा विचार. झोपेतून उठवून विचार. कधी पोथी उघडलीय मी? ते सगळं आठवतं आणि एवढंसं हे आठवत नाही, असं होईल का? म्हणजे मी बोललोच नाही.

देवयानी: म्हणजे मी खोटारडी. परवा कमिटीतही हेच केलंत. नकाशे तपासणारा माणूस म्हणाला, जिना अरुंद झालाय, इथं मुलं ठेवता येणार नाहीत. सेक्रेटरींनी विचारलं, कुणी सांगितलं होतं? मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही वर छताकडे बघत बसलात!

श्रीराम: पंखा कुरकुरत होता.

देवयानी: ऐक, दादा! चाळीस मुलांचं वसतिगृह अडलंय. झालेला जिना फोडायचा, परत जुन्या जागी बांधायचा. गल्लीत हातगाडी शिरत नाही. मलबा खच्चरांच्या पाठीवरून बाहेर जाणार, नव्या विटा नावेनं येणार. तीन आठवड्यांत गंगा चढली की तेही बंद. आणि हे सगळं कुणाच्या माथी? माझ्या. ज्या बांधकाम कंपनीत मी इंजिनिअर, ती आज मला काढणार. पुढे कोण साइट देईल? म्हणतील, ही बाई मनाला येईल तसे जिने फिरवते.

अनिमेष: बाबा, कर दो ना. एका सहीनं तुमचं काय जातं?

श्रीराम: वर तारीख सात मेची आहे. सात मेला मी काय केलं ते मला ठाऊक नाही. खोट्याखाली नाव लिहून उद्या पोरांना कुठल्या तोंडानं संथा देऊ?

देवयानी: कमिटीला घाबरलात, असं सरळ म्हणा की!

श्रीराम: थांब. नीट वाचून बघतो. चष्मा घेऊन येतो.

(श्रीराम आत जातात.)

अनिमेष: हळू बोल, देवू. ते खोटं नाही बोलत.

देवयानी: मग मी बोलते?

अनिमेष: तूही नाही. गेल्या आठवड्यात रामघाटाहून, पाठशाळेतून, घरी यायला निघाले. ब्रह्मा घाटाकडे वळायचं ते उलटे जाऊन शिंदे घाटावर बसले. साठ वर्षांची रोजची वाट. नाववाल्यानं आणून सोडलं. दारात उभं राहून मला विचारतात, "आपलं घर कुणी हलवलं?"

देवयानी: मला सांगितलं नाहीस.

अनिमेष: सांगून काय करणार होतीस? तिथंही कागद भरणार होतीस? संथा अजून पक्की आहे, एक स्वर हलत नाही. बाकीचं गळतंय सगळं.

देवयानी: हे कमिटीत सांगितलं तर मी सुटते.

अनिमेष: सुटतेस. आणि त्यांना त्याच दिवशी आसनावरून उठवतील. विसरणारा वेदमूर्ती कोण ठेवून घेईल? ती पाठाची खोली गेली की त्यांच्याजवळ उरलं काय, तूच बोल.

देवयानी: आणि नाही सांगितलं तर मी जाते. वा! बोलणार हे, फोडणार मिस्त्री, मरणार मी. आणि ह्या वेळी शिव्या द्यायलासुद्धा समोर माणूस नाही.

(श्रीराम परत येतात.)

श्रीराम: चष्मा तुझ्या आईचा सापडला. चालतंय पण. दे बघू. हा मोठा कागद कसला?

देवयानी: मूळ नकाशा, बाबा. परत असंच बांधायचंय.

श्रीराम: इथं पाठाची खोली... आणि हे काय हे? ज्या खोलीत संहिता म्हणायची तिच्या डोक्यावरून पायताणं जाणार? छे, छे. जिना गल्लीच्या अंगाला घे.

अनिमेष: देवू! फोन काढ. रेकॉर्ड कर, अभी!

देवयानी: नको, दादा.

अनिमेष: अगं, शब्द न् शब्द तोच आहे—

देवयानी: म्हणूनच नको.

श्रीराम: काय कुजबुजताय दोघं? आणि हा कागद काय पुढे धरून बसलीस? पोटच्या पोरीला माझी सही लागते?

देवयानी: नाही लागत, बाबा.