बाळाचा मऊभात

निपाणी स्टँडवर बाळाला घेऊन बसलेल्या केतकीच्या मागं दोघी बोलत होत्या.

"आंबोलीची गर्दी फुटावी म्हणून आमच्या धबधब्यापाशी सरकारनं एवढं बांधलं, पर समदी आंबोलीलाच मरत्यात, आक्का."

"रविवारी एकजण येणार हुती न्हवं तुझ्या घरी जेवायला?"

"व्हय की. फोनवर म्हणाली, बाळाला बिनतिखटाचा मऊभात करा. पाव्हण्यांआधी जेवायचं कसं? तीन वाजेपतूर घरातली समदी उपाशी."

"मग?"

"आलीच न्हाय. फोनबी उचलंना. घाटात काय झालं नसंल न्हवं? बाळ हुतं बरूबर."

आंबोलीच्या गर्दीत केतकीनं तो फोन तीनदा कापला होता.

"ताई, लई गोड बाळ. कितवा महिना?" धबधब्याकडच्या बाईनं मागून विचारलं.

केतकीनं मागं वळून नुसतीच नऊ बोटं दाखवली.

"मुकी हाय गं बिचारी," आक्का पुटपुटली.