हिरव्या खुणेचा बोल्ट

दिनांक १४ ऑक्टोबर २०१६, दुपारी २.२०. परगणा पोलीस ठाणे, हॅरो क्रीक, अलाबामा.

माझे नाव डॅरिल क्लेबर्न ओडेन, वय ४४, धंदा मोटरसायकल जोडणी, राहणार मिल रोड, हॅरो क्रीक.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, आयर्न रिज मोटरसायकल कंपनीत मी सहा वर्षे आहे. आम्ही नऊजण वर्षाला चाळीसेक गाड्या हाताने जोडतो. लांब पल्ल्याला आरामशीर आणि घाटात चपळ अशी ही गाडी आहे. तिचे चार सिलिंडरचे इंजिन म्हणजे इथल्या मोटारीचे आठ सिलिंडरचे इंजिन मधोमध कापल्यासारखे. उभ्या गाडीला रेस दिली की ती एका बाजूला खांदा उडवते. या इंजिनाची मांडणी मिस्टर हॉइट मॅकेल्वेन, वय ६९, यांची.

आमच्याकडे बोल्ट आवळला की आवळणारा त्यावर आपल्या रंगाची रेघ ओढतो. माझा रंग पिवळा, मिस्टर हॉइट यांचा हिरवा. दुसऱ्याची रेघ असलेल्या बोल्टला कोणी पाना लावत नाही. तो अपमान समजतात. गाडी पूर्ण झाली की जोडणारा स्वतः पहिले शंभर मैल चालवतो.

टॉर्क पाना ठरलेला जोर पूर्ण झाला की कट् असा वाजतो. या फेब्रुवारीत माझ्या लक्षात आले की मिस्टर हॉइट यांना तो आवाज ऐकू येत नाही. त्यांचा अंगठाही बधिर झाला आहे. ते अंदाजाने थांबत. मी कोणाला बोललो नाही. ते दुपारी बारा ते एक जेवायला घरी जात. त्या वेळात मी त्यांचे बोल्ट पुन्हा आवळी आणि त्यांच्याच बाटलीतल्या हिरव्या रंगाने रेघ ओढी. एकदा ते लवकर परतले. मी गाडीजवळ वाकलेला होतो. ते म्हणाले, "काय रे, बोल्ट बघतोयस की मुलगी बघायला आलायस?" मी हसलो.

बुधवारी, १२ तारखेला, ते घरी गेले नाहीत. त्यांच्या पत्नी वर्लीन यांनी आम्हा दोघांसाठी मटार आणि मक्याची भाकरी पाठवली होती. आम्ही एकत्र जेवलो. ते तेव्हा जोडत असलेल्या गाडीच्या पुढच्या ब्रेकला मी त्या दिवशी पाना लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघण्याआधीही लावला नाही. विसरलो असे म्हणता येणार नाही.

गुरुवारी सकाळी ९.४० ला ते त्या गाडीवर पहिले शंभर मैल करायला निघाले. १०.३० च्या सुमारास डोंगराच्या रस्त्यावर पडले. मनगट आणि खुबा मोडला. आज सकाळी तुमच्या आवारात मी गाडी पाहिली. पुढच्या चाकाच्या डाव्या कॅलिपरचा, म्हणजे ब्रेकच्या पकडीचा, वरचा बोल्ट जागेवर नाही. कॅलिपर फिरून चाकात अडकला आहे. खालच्या बोल्टवर हिरवी रेघ आहे, पण तो बोटांनी फिरतो.

हरीण आडवे आले, असे मिस्टर हॉइट यांनी सांगितल्याचे तुम्ही म्हणता. हरणाबद्दल मला माहिती नाही. काल संध्याकाळी इस्पितळात ते मलाही तेच म्हणाले. कोणत्या बाजूने आले, असे मी विचारले. "वर्लीनसारखी उलटतपासणी नको करूस," ते म्हणाले. नंतर त्यांनी विचारले, "डावा ब्रेक. माझी रेघ होती ना त्यावर?"

मी म्हणालो, "होती."

"मग तो सुटायचा नाही."

भेटीची वेळ संपली आणि मी निघालो.

जानेवारीत, म्हणजे माझ्या लक्षात येण्याआधी, त्यांनी जोडलेल्या दोन गाड्या टेनेसी आणि टेक्सासला गेल्या आहेत. दोन्ही मालकांना आज फोन करून गाडी चालवू नका असे सांगितले. कंपनीचे मालक माझे काय करतील ते करोत, पण हे कागदावर असावे, म्हणून मी आपणहून आलो.

माझी एक विनंती आहे. हा जबाब मिस्टर हॉइट यांच्यापर्यंत जाण्याआधी मला त्यांना सांगू द्यावे. भेटीची वेळ सहापर्यंत आहे. त्यांच्या खोलीत दुसरा रुग्ण आहे. त्याला थोडा वेळ बाहेर नेता आले तर बरे होईल, कारण मिस्टर हॉइट यांना सगळे मोठ्याने सांगावे लागते.

वरील मजकूर जबाब घेणाऱ्या डेप्युटींनी मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे, म्हणून खाली सही करतो. वेळ ३.५५.

(सही) डॅरिल क्लेबर्न ओडेन