चालू ठेवलेली रेलबस

गड्या, जीव टांगणीला लागणं म्हंजे काय, ते मला आमच्या रेलबसनं दाखवलं. डिझेलवर पळणारा एकच डबा, माझ्या बापाच्या वयाचा. मिरजेत भंगारात निघालेला, आमी हौशी मेस्त्र्यांनी राबून जिता केला. फकस्त स्टार्टर लय लहरी. लागला तर लागला.

पाहणीला रेल्वेचे साहेब येणार हुते. त्यांनी पास केला तर डबा पर्यटकांना घिऊन पळणार, न्हाईतर परत भंगारात. त्या सकाळी इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. आमच्यातला इस्लामपूरचा नामदेव उसाचा ट्रॅक्टर चालवतो. त्यो म्हणाला, "आता बंद करायचं न्हाई. साहेब जाईस्तवर चालूच."

साहेब आले आन् बसलेच. हार झाला, दोनदा चा झाला. मी नुसता येरझाऱ्या घालतोय, डिझेल संपत चाललंय. शेवटी साहेब म्हणाले, "छान. आता बंद करून परत चालू करा."

नामदेवनं इंजिनाला बोट लावून झटक्यात मागं घेतलं.

"इंजिन गरम हाय साहेब, गार हू द्या," नामदेव म्हणाला.

"बंद केल्याशिवाय गार कसं होईल?"

नामदेव म्हणाला, "ते बी खरं. पन आवं साहेब, तुमची जीप फाटकात आल्यापास्नं चालूच हाय. डायवर ती का बंद करीना?"

साहेबांनी जीपकडं बघितलं, मग आमच्याकडं. "पास," म्हणाले. जाताना नामदेवच्या कानाशी वाकले, "उतारावर उभी करत जा. तुमच्या फाटकात उतारच नाही, नाहीतर आम्हीही जीप बंद केली असती."