सातशे तेरावरची रेघ

नाही, पण मला सांगा, रोजच्या बसच्या नंबरावर एका रात्रीत लाल तिरकी रेघ येते आणि अख्ख्या गल्लीत धडकी एकट्या मलाच भरते, म्हणजे वेडी मीच ना? असेनही. दोन मुलं झाल्यापासून मी बंद केलेल्या गॅसचं बटणही तीनदा चाचपते, त्यामुळे माझ्या भीतीला घरात कुणी हिंग लावून विचारत नाही. नवऱ्याला म्हटलं, वाइल, आपल्या सातशे तेराला रेघ आली आहे. तर रोटीच्या तुकड्यानं वालाची उसळ पुसत म्हणतो कसा, "नुसती रेघच तर आहे."

नुसती रेघ! अहो, कैरोत वाढलेल्या माणसानं असं म्हणावं? तोच नंबर, तोच रंग, पण बिनरेघेची जाते एकीकडे आणि रेघेची जाते भलतीकडेच. त्या एका रेघेपायी आमच्याकडे माणसं मयताला निघून लग्नाला पोचली आहेत. म्हणून तर दारात लटकलेला कंडक्टर लांबूनच हात गळ्यापासून कमरेपर्यंत तिरका ओढून दाखवतो, की बाबांनो, ही रेघवाली. आता सकाळी सात वाजता कुणी असा हात केला तर एखाद्या आईच्या मनात काय काय येईल, तुम्हीच सांगा...

तर त्या सकाळी, तुम्हाला सांगते, मी चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून टोपली खाली सोडली होती. पाववाल्यानं रोट्या टाकल्या, मी दोरी ओढतेय, कडेवर आठ महिन्यांचा झियाद माझे केस ओढतोय, आणि खाली सासूबाई माझ्या पाच वर्षांच्या लुजैनला शाळेत सोडायला निघालेल्या. बस आली. कंडक्टरनं हात गळ्यापासून तिरका ओढला. आणि सासूबाई, ज्यांना चष्मा लावला की म्हातारं दिसतं म्हणून तो पर्समध्येच असतो, त्या पोरीला घेऊन सरळ चढल्या! मी वरून ओरडले, अम्मी, उतरा, रेघवाली आहे! त्यांना वाटलं सून निरोप देतेय. त्यांनी छान हात हलवला. लुजैननंही हलवला. टोपली सुटली, रोट्या गल्लीत, आणि बस वळणावरून दिसेनाशी झाली.

सासूबाईंना फोन लावला. वाजला. आमच्याच फ्रिजवर वाजला, रुमालात गुंडाळलेला, बाहेर नेला की झिजतो म्हणून.

झियादला उचललं आणि धावत खाली चहाच्या दुकानात गेले, कारण तिथे रिफअतकाका बसतात. काकांनी अठ्ठावीस वर्षं बस खात्यात गाड्यांना नंबर द्यायचं काम केलं. म्हटलं, काका, एवढंच सांगा, सातशे तेरा रेघ कुठे जाते? पण ज्याला अठ्ठावीस वर्षांत कुणी प्रश्न विचारला नाही तो माणूस एवढंच कसं सांगेल? त्यांनी साखर ढवळली आणि सुरुवातीपासून सुरू केलं. जुन्या शहराला लहान नंबर. नदीपलीकडल्यांना नऊशेच्या घरातले. कालव्याच्या अंगाला सातशे. बंद पडलेल्या गाडीचा नंबर म्हणे पाच वर्षं कुणाला द्यायचा नाही, नाहीतर जुनी माणसं सवयीनं चढतात आणि नाही त्या ठिकाणी उतरतात. मी म्हणतेय, काका, माझी पोर! ते म्हणतायत, थांब गं, रेघेवरच येतोय.

आले एकदाचे. "ती वाळवंटातल्या नव्या वसाहतीत जाते. मधे थांबत नाही."

पण आमच्या गल्लीतल्या कुणाला तिथे जायचंय? एक माणूस नाही ओळखीचा. मग आमच्या दारातून गाडी कशासाठी?

काकांनी ग्लास बाजूला सारला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, जी गल्ली उठवायचं ठरतं ना, तिथे आम्ही आधी गाडी सोडायचो. सहा महिने, वर्षभर. लोकांना रस्त्याची सवय झाली की सोपं जातं." आणि लगेच माझं तोंड बघून, घाईघाईनं, "तसं काही नसेल म्हणा. नुसती रेघच तर आहे."

चार तास, तुम्हाला सांगते, मी स्टॉपवर उभी होते. येईल त्या बसचा नंबर वाचत. आधी रेघ, मग नंबर.

अकरा वाजता उतरल्या दोघी. लुजैनच्या बुटांत वाळू, हातात सरबताची बाटली. मी पोरीला हातापायांसकट मोजून घेतलं. रडले, मग चिडले, मग परत रडले. सासूबाईंना समजेना एवढं काय झालं. "चूक झाली खरी," म्हणाल्या, "पण बघून आले. हवा बरी आहे. बारा मजल्यांच्या इमारती, लिफ्टसुद्धा आहे. माणूस मात्र नाही गं कुणी. नुसत्या खिडक्या. राखणदाराला विचारलं, कोण राहणार इथे, तर म्हणाला, तुम्ही कुठून आलात?"

आणि त्यांनी गल्लीचं नाव सांगितलं. राखणदारानं मान डोलवली म्हणे, ओळखीचं नाव ऐकल्यासारखी.

मी काकांचं बोलणं घरात सांगितलं नाही. माझ्या भीतीवर कोण विश्वास ठेवणार? संध्याकाळी वाइल कामावरून आला, बूट काढले, पण आत येईना. खाली कुणीतरी प्रत्येक इमारतीवर रंगानं नंबर घालून गेलंय म्हणाला. आपला एकोणतीस. मी विचारलं, नुसता नंबर? तो म्हणाला, नाही. त्यावर एक लाल रेघ आहे. नुसती...

झियादनं चमचा आपटला. लुजैन वहीत बस काढत बसली होती, तिनं मान वर केली नाही. सासूबाई उठल्या, पर्स उघडली, चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना घरात चष्म्यात बघितलं. चप्पल घातली, खाली गेल्या. मला वाटलं भिंत बघायला गेल्या.

अर्ध्या तासानं आल्या ते खांद्यावर नायलॉनच्या दोरीचं हे एवढं भेंडोळं घेऊन. टोपलीला आपली दोरी चारच मजले पुरते म्हणाल्या, दुकानदाराकडून बारा मजल्यांची मोजून आणली. मी बघतच राहिले.

"अशी काय बघतेस सूनबाई," म्हणाल्या, "नुसती दोरीच तर आहे."