फ्रिजवरचं 'गाढवा'

आमच्या दाजींची हुशारी तुम्ही पाहिली नाही, म्हणून त्यांचं कौतुक करताय. ऐका.

आमचा दादा सातिवलीच्या गोडाऊनमध्ये खोक्यांवर पत्ते लिहायचा. तिथलाच पक्का मार्कर आणून त्याने घरच्या फ्रिजवर लिहिलं होतं, "मोटर बंद कर, गाढवा." टाकी भरून वाहायला लागली तरी मी उठायचो नाही ना, म्हणून.

दादाच्या तेराव्याला दाजी आले, म्हणजे ताईचे मिस्टर. दाबून जेवले आणि फ्रिजसमोर जाऊन उभे राहिले. "चार पाहुण्यांत बरं दिसतं का हे?" म्हणत खिशातून सॅनिटायझर काढलं आणि होतं तेवढं सगळं संपवून 'गाढवा' तेवढं घासून पुसून टाकलं. वर मलाच म्हणतात, "बघ, कामाचं तेवढं ठेवलंय."

कामाचं म्हणे. मोटर काय, कोणीही बंद करेल. 'गाढवा' ही हाक मला एकट्याला होती.

मी दादाचा मार्कर उचलला, खाली गेलो आणि दाजींच्या पांढऱ्या गाडीवर तोच शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला. दाजी धावत आले. सॅनिटायझर संपलेलं, म्हणून पाण्याची अख्खी बाटली ओतली, तरी अक्षरं जागची हलली नाहीत.

"अरे, हे निघत नाहीये," म्हणाले.

मी म्हटलं, "राहू द्या दाजी. कामाचं आहे."