गोठ्यातलं पाणी कुरणात आलं तो शनिवार

मी मूळची वर्ध्याची, वडील पोस्टात, गाईगुरं आमच्या घरी कधीच नव्हती, आणि इकडे ब्रिस्टलला आले ती कॉम्प्युटरवाल्या नवऱ्यामागं, पण काय सांगू तुम्हाला, घरात बसवेना, म्हणून जवळच्या फार्मवर तिकिटं फाडायला लागले. फार्म मार्गारेटबाईंचा. नुसत्या दुधावर भागेना म्हणून बाई तिकीट लावून लोकांना गाई-कोकरं दाखवायच्या. गर्दी वाढली तशी वरच्या उतारावर गाड्यांसाठी डांबरी जागा केली. आधी तिथं गवत होतं, पाणी जिरायचं, आता कुठं जिरणार नं?

तर त्या शनिवारी दुपारी अर्धाच तास पाऊस पडला बाप्पा, पण डांबरावरचं सगळं पाणी खाली धावलं, गोठ्याच्या अंगणातून शेण घेऊन थेट पिकनिकच्या कुरणात. ऊन पडलं तर पोट्टे त्या पाण्यात अनवाणी उड्या मारून राहिले, आईबाप नव्या डिजिटल कॅमेऱ्यानं फोटो काढून राहिले, आणि मधोमध माझी चार वर्षांची ईरा, शनिवार म्हणून सोबत आणलेली, बोटं तोंडात. शेणातल्या जंतूंनी लहान मुलांच्या किडन्या जातात, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलेलं. मी ओरडले, बाहेर निघा, बाहेर निघा, तेही मराठीत, कोणाला समजणार? एक बाप म्हणे, चिखलच तर आहे. मार्गारेटबाई धावत आल्या, म्हणाल्या, चिखल नाही, गोठ्याचं पाणी आहे, सगळ्यांना काढा. साबण लावून एकेक मूल धुतलं, प्रत्येकाचा फोन नंबर घेतला, फाटक बंद केलं.

चौथ्या दिवशी ईराचं पोट बिघडलं. डॉक्टर म्हणाले, जुलाब थांबवायचं औषध देऊ नका, विष आतच राहतं, शी तपासणीला पाठवू. मग काय, किडन्या चालू आहेत नं, म्हणून तिला लघवी होते का, हेच मी पाहत बसायची. फोन वाजला की वाटायचं, दुसऱ्या कोणाचं लेकरू गेलं. मार्गारेटबाईंचाच असायचा, ईरा कशी आहे गं.

रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. मी किचनच्या फरशीवर बसून रडले. दुसरंही कोणी आजारी पडलं नाही, नशीब.

नवरा म्हणाला, सोड ती नोकरी. मी नाही सोडली. पार्किंगच्या खाली आडवा चर खणून झाला, पावसाचं पाणी गोठ्याला वळसा घालून कुंपणातल्या तळ्यात जायला लागलं, गोठ्याचं घाण पाणी बंद टाकीत, तेव्हाच फाटक उघडलं. आता आभाळ भरलं की मी रेनकोट घालून चराजवळ उभी राहते, पाणी वळतंय नं, पाहते. भीती काही गेली नाही, जाणारही नाही. लोकांची लेकरं जशी आली तशी हसत घरी जावोत, बस.