खंडेनवमीचा कोहळा

रवळू : आये, बारकासारका न्हवता तो. सात किलोचा कोहळा. असा चालत कुठं जातोय?

शालूबाई : चालत न्हाय गेला. थोडा थोडा गेला.

रवळू : म्हंजे?

शालूबाई : आइतवारी डाळीत गेला. सोमवारी ताकातल्या कालवणात. काल वड्या झाल्या.

रवळू : काल मी सहा वड्या खाल्ल्या.

शालूबाई : नऊ.

रवळू : आये, आज खंडेनवमी! नवा टेम्पो हार घालून दारात हुबा हाय. पयलं भाडं, शेजारच्या भावकूची रताळी बेळगावला न्यायची. अकराच्या आत कोहळा फोडून निघणार हुतो. बाजारात आता एक मिळायचा न्हाय. आणि गाडीचा कोहळा तू मला चारलास?

शालूबाई : गाडी धडधाकट हाय. चक्कर तुला येती. बेळगावच्या कॅम्पातल्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? पोटात धड काय नसतंय. येळेवर जेवा, हंगामात पिकतंय ते खावा. आणि तू काय खातोस? चहा आणि मिरची भजी.

रवळू : मिरचीबी पिकतीयाच की.

शालूबाई : भजी पिकत न्हाईत.

रवळू : इचारायचं तरी!

शालूबाई : इचारलं असतं तर खाल्ला असतास? पाहुण्यांच्या रानातली भाजी म्हटलं, तर म्हणालास, पाहुणं लई चांगलं हैत.

रवळू : दिपाली! ए दिपाली! तुला ठावं हुतं हे?

दिपाली : मला आत्ताच कळतंय.

शालूबाई : चिरून कुणी दिला गं, सूनबाई?

दिपाली : चिरताना वाटलं, दुधी जरा अंगानं भरलाय.

रवळू : असू दे. लिंबू द्या. निदान चाकाखाली ठेवतो.

दिपाली : सकाळी सरबत प्यालासा की.

रवळू : नारळ?

शालूबाई : वड्यांत.

रवळू : म्हंजे पूजेचं अख्खं ताट मी खाल्लंय?

शालूबाई : झेंडू शाबूत हाय. कडू लागतोय.

रवळू : चेष्टा नगं, आये. कर्ज काढून गाडी आणलीया. तशीच काढली आणि वाटंत काय झालं तर?

शालूबाई : गेल्या साली तुझा हात कशानं मोडला?

रवळू : स्कूटर घसरली.

शालूबाई : कशावरनं?

रवळू : जाऊ दे की आता.

शालूबाई : कशावरनं, रवळू?

रवळू : कोहळ्यावरनं. कुणीतरी ट्रकाची दृष्ट काढून भर रस्त्यात फोडलेला.

शालूबाई : आणि ट्रक?

रवळू : ट्रक बरा हाय.

दिपाली : म्हंजे दृष्ट निघती. फकस्त मागनं येणाऱ्याला लागती.

रवळू : तू गप. आता टेम्पोवरनं काय ओवाळू? खराटा?

शालूबाई : तूच मार की तीन फेऱ्या. सात किलो तुझ्यातच हाय.

रवळू : भावकूनं बघितलं तर?

दिपाली : हवा तपासतोय म्हणायचं.

(रवळू टेम्पोभोवती तीन फेऱ्या मारतो. तिसरीला भावकू हात करतो. रवळू चाकाला लाथ मारून बघतो.)

शालूबाई : चक्कर आली?

रवळू : न्हाय.

शालूबाई : गेल्या आठवड्यात पायरी चढलास तर भिंत धरलीस.

रवळू : व्हय गं. न्हाय आली खरी.

शालूबाई : अजून एक मार.

रवळू : आये!

दिपाली : हा डबा धरा. दुपारी एकाला खावा. मी फोन करून इचारणार.

रवळू : ह्यात काय घातलंस?

दिपाली : भाकरी, वली शेंग उकडलेली, आणि पाहुण्यांच्या रानातली भाजी.

रवळू : अजून उरलाय?

दिपाली : शेवटची फोड.

रवळू : बरं. आणि मार्केटात कुणी इचारलं, गाडीपुढं काय फोडलंस, तर काय सांगू?

शालूबाई : कायबी फोडू नगंस, बाबा. सगळं शाबूत घिऊन ये.